ध्वनितरंग

ध्वनितरंग म्हणजे स्थितिस्थापक माध्यमातून पुढे सरकणारा दाबाचा व घनतेचा क्षोभ होय. कंप पावणारी वस्तू आपल्या लगतच्या हवेला, पाण्याला किंवा घन पदार्थाला आळीपाळीने ढकलते व मागे ओढते. हा क्षोभ माध्यमाच्या एका थराकडून दुसऱ्या थराकडे दिला जातो आणि कानापर्यंत पोहोचल्यावर त्याची ध्वनी म्हणून जाणीव होते. या क्रियेत ऊर्जा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते. माध्यमाचे कण मात्र आपल्या मूळ जागेभोवती आंदोलने करून तेथेच राहतात.

ध्वनीचा वेग माध्यम ठरवते, वारंवारता उद्‌गम ठरवतो, तर तीव्रता उद्‌गमाची शक्ती, अंतर आणि परिसर या तिन्हींवर अवलंबून असते. प्रतिध्वनी, वाद्यांचे स्वर, आगगाडीच्या भोंग्याचा बदलता स्वर, तसेच मिरवणुकीतील आवाजाने कानाला होणारी इजा या सर्वांचे स्पष्टीकरण या तीन गोष्टींवरून देता येते. या लेखातील बरीच संख्यात्मक उदाहरणे रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या परिसरावरून घेतली आहेत.

स्वरूप

ढोलाच्या पानावर टिपरू पडले की पान आत-बाहेर कंप पावू लागते. पान बाहेर येते तेव्हा समोरच्या हवेचा थर दाबला जातो व तेथील दाब सभोवतालच्या वातावरणीय दाबापेक्षा किंचित वाढतो. या अवस्थेला संपीडन म्हणतात. पान आत जाते तेव्हा तो थर विरळ होतो व दाब घटतो. हे विरलन होय. संपीडने व विरलने एकामागून एक बाहेर सरकत राहतात आणि त्यांच्या मालिकेलाच ध्वनितरंग म्हणतात.

हवा व पाणी यांत कणांचे आंदोलन तरंगाच्या प्रसारणाच्या दिशेतच होते, म्हणून तेथील ध्वनितरंग हे अनुतरंग असतात. ताणलेल्या दोरीला झटका दिल्यावर दिसणारे तरंग याहून वेगळे असतात. त्यांत कण प्रसारणाच्या दिशेला काटकोनात हलतात व त्यांना अवतरंग म्हणतात. वायू आणि द्रव यांचा आकार बदलण्यास विरोध होत नसल्याने त्यांच्या अंतर्भागात अशा प्रकारचे ध्वनितरंग टिकत नाहीत. पोलादासारख्या घन पदार्थात मात्र दोन्ही प्रकार संभवतात.

कणांचे विस्थापन फारच थोडे असते. साध्या संभाषणाच्या सुमारे ६० डेसिबल पातळीला दाबातील चढउतार ०.०२ पास्कल इतका असतो, तर वातावरणीय दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. १,००० हर्ट्झ वारंवारतेला एवढ्या आवाजात हवेचे कण मिलिमीटरच्या साधारण सव्वालाखाव्या भागाइतकेच हलतात. त्यामुळे बोलणाऱ्या माणसाच्या तोंडातील हवा ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत जाते, हा समज चुकीचा आहे. वारा म्हणजे हवेचे वहन, तर ध्वनी म्हणजे हवेतील क्षोभाचे वहन.

प्रसारणासाठी माध्यम आवश्यक असल्याने निर्वात जागेतून ध्वनी जात नाही. रॉबर्ट बॉइल यांनी १६६० मध्ये हवा काढून घेतलेल्या पात्रातील आवाज क्षीण होत जातो, हे प्रयोगाने दाखवले.

मूलभूत राशी

वारंवारता: एका सेकंदात एखाद्या बिंदूजवळून जाणाऱ्या संपीडनांची संख्या. तिचे एकक हर्ट्झ आहे. स्वराची उच्चनीचता मुख्यत्वे वारंवारतेवर अवलंबून असते. तरंग एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेला तरी त्याची वारंवारता बदलत नाही.

तरंगलांबी: लागोपाठच्या दोन संपीडनांमधील अंतर.

आयाम: दाबातील किंवा विस्थापनातील कमाल बदल. आवाजाचा लहानमोठेपणा आयामाशी निगडित असतो. तीव्रता आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

वेग: क्षोभ एका सेकंदात जेवढे अंतर कापतो ते. या राशींमधील मूलभूत संबंध असा आहे:

वेग = वारंवारता × तरंगलांबी

हवेचे तापमान २८° से. असताना ध्वनीचा वेग सुमारे ३४८ मीटर प्रतिसेकंद असतो. त्यानुसार १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३.५ मीटर, १,००० हर्ट्झची सुमारे ३५ सेंटिमीटर आणि ५,००० हर्ट्झची सुमारे ७ सेंटिमीटर येते. खोली, दरवाजा, भिंत अशा रोजच्या वस्तूंचे आकार याच मर्यादेत असल्याने ध्वनी त्यांच्याभोवती वळतो, त्यांच्यावरून परावर्तित होतो किंवा त्यांच्यात अडतो. प्रकाशाची तरंगलांबी याच्या लक्षावधी पटींनी लहान असते. म्हणून भिंतीपलीकडचा माणूस दिसत नाही, पण त्याचा आवाज ऐकू येतो.

मानवी कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचा ध्वनी ऐकू येतो. त्याखालील ध्वनीस अवश्राव्य, तर त्यावरील ध्वनीस श्राव्यातीत म्हणतात. वयानुसार वरची मर्यादा खाली येत जाते.

ध्वनीचा वेग

माध्यम दाबले गेल्यावर किती जोराने पूर्ववत होऊ पाहते आणि ते किती जड आहे, या दोन गुणधर्मांवर वेग अवलंबून असतो. स्थितिस्थापकता गुणांकाला घनतेने भागून आलेल्या संख्येचे वर्गमूळ म्हणजे ध्वनीचा वेग. पोलाद हवेपेक्षा कितीतरी घन असले तरी त्याची स्थितिस्थापकता त्याहूनही अनेक पटींनी अधिक असते. म्हणून त्यातून ध्वनी हवेपेक्षा जलद जातो. घनता वाढली की वेग वाढतो, हे विधान म्हणूनच बरोबर नाही.

पेण व रोहा या शहरांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ३३ किलोमीटर आहे. एवढे अंतर कापण्यास लागणारा काळ निरनिराळ्या माध्यमांत पुढीलप्रमाणे येईल:

हवेतून (३४८ मी./से.): सुमारे ९५ सेकंद
समुद्राच्या पाण्यातून (सुमारे १,५०० मी./से.): सुमारे २२ सेकंद
पोलादी दांड्यातून (सुमारे ५,१०० मी./से.): सुमारे साडेसहा सेकंद

ही तुलना केवळ वेगाची आहे. प्रत्यक्षात ध्वनी वाटेतच विखुरतो व शोषला जातो. प्रकाश हेच अंतर सेकंदाच्या सुमारे नऊ हजाराव्या भागात कापतो.

पनवेल–पेण–रोहा या मार्गावर आगगाडी येण्याआधी रूळ घुमू लागतात, यामागे हाच फरक आहे. गाडी एक किलोमीटर दूर असताना तिचा आवाज हवेतून येण्यास जवळजवळ तीन सेकंद लागतात. रुळातून तो सेकंदाच्या पाचव्या भागात येतो. (गाडीची चाहूल घेण्यासाठी रुळाजवळ जाणे किंवा रुळाला कान लावणे जिवावर बेतू शकते.)

तापमान, आर्द्रता व दाब यांचा परिणाम

हवेतील ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ०° से. तापमानाला तो ३३१.३ मी./से. असतो आणि नेहमीच्या तापमानांत प्रत्येक अंशामागे सुमारे ०.६ मी./से. वाढतो. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असल्याने दमट हवेत वेग किंचित अधिक असतो, ३०° से. तापमानाच्या पूर्ण दमट हवेत ही वाढ सुमारे २ मी./से. भरते.

तापमान तेच असल्यास केवळ दाब बदलल्याने वेग बदलत नाही, कारण दाबाबरोबर घनताही त्याच प्रमाणात बदलते. समुद्रसपाटीजवळचे पेण आणि सुमारे ८०० मीटर उंचीवरील माथेरान येथे तापमान सारखे असेल, तर ध्वनीचा वेगही सारखाच राहील. माथेरानला हवा पाच अंशांनी थंड असेल, तर तेथे वेग सुमारे ३ मी./से. कमी भरेल.

विजेचे अंतर

वीज चमकल्यावर तिचा प्रकाश तत्काळ दिसतो. गडगडाट मात्र दर किलोमीटरला सुमारे तीन सेकंद मागे राहतो. चमक व गडगडाट यांच्यामधील सेकंदांना तीनने भागले असता विजेचे किलोमीटरमधील अंतर मिळते. अंतर नऊ सेकंदांचे असेल, तर वीज सुमारे तीन किलोमीटरवर चमकलेली असते. वीज अनेक किलोमीटर दूरही पडू शकते. म्हणून गडगडाट ऐकू येत असेपर्यंत उघड्या शेतात किंवा झाडाखाली थांबणे धोक्याचे असते. विजेचा मार्ग लांबलचक असल्याने त्याच्या निरनिराळ्या भागांतून निघालेला आवाज वेगवेगळ्या वेळी पोहोचतो. सह्याद्रीच्या कड्यांवरून होणाऱ्या परावर्तनाची त्यात भर पडते. त्यामुळे क्षणभराच्या विजेचा गडगडाट बराच वेळ चालतो.

इतिहास

मारँ मेर्सेन यांनी १६३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तारेची लांबी, ताण व जाडी यांचा तिच्या स्वराशी असलेला संबंध मांडला. आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मधील ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात ध्वनीचा वेग माध्यमाच्या गुणधर्मांवरून काढण्याचा पहिला प्रयत्न केला. त्यांना मिळालेली किंमत प्रत्यक्ष मोजमापापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी होती. संपीडन व विरलन होताना हवेचे तापमान स्थिर राहते, असे त्यांनी गृहीत धरले होते.

१८१६ मध्ये पियेर-सिमाँ लाप्लास यांनी ही तफावत दूर केली. संपीडनात हवा किंचित तापते व विरलनात किंचित निवते; ही क्रिया इतकी जलद घडते की, उष्णतेला शेजारच्या थरात जाण्यास अवधीच मिळत नाही. तापलेली हवा अधिक जोराने प्रसरण पावू पाहते, त्यामुळे तिची स्थितिस्थापकता हवेसाठी १.४ पट धरावी लागते. वेग तिच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.१८ पट, वाढतो आणि गणित व प्रयोग जुळतात.

भारतात मद्रास वेधशाळेचे जॉन गोल्डिंगहॅम यांनी तोफांच्या आवाजावरून ध्वनीचा वेग मोजला. तोफेची चमक दिसणे व आवाज ऐकू येणे यांमधील काळाची नोंद करून काढलेले निष्कर्ष त्यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध केले. पाण्यातील वेग १८२६ मध्ये जिनीव्हा सरोवरात कोलाडाँ व स्टुर्म यांनी मोजला. त्यांना सुमारे १,४३५ मी./से. ही किंमत मिळाली. पुढे हर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये स्वरांच्या जाणिवेचा, तर लॉर्ड रेली यांनी १८७७-७८ मध्ये ध्वनीच्या समग्र सिद्धांताचा ग्रंथ लिहिला.

२७ ऑगस्ट १८८३ रोजी झालेल्या क्राकाटोआ ज्वालामुखीच्या स्फोटाचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरवरील रॉड्रिग्ज बेटावर, जवळजवळ चार तासांनी, ऐकू आला. कानांना न जाणवणारा त्याचा दाबतरंग जगभरच्या वायुभारमापकांवर नोंदला गेला.

परावर्तन, प्रतिध्वनी व निनाद

कठीण पृष्ठभागावर आदळलेला ध्वनी प्रकाशाप्रमाणेच आपाती कोनाएवढ्या कोनात परावर्तित होतो. कानाला एका आवाजाची जाणीव सुमारे ०.१ सेकंद राहते. परत येणारा आवाज त्यानंतर पोहोचला, तरच तो वेगळा ऐकू येतो. यासाठी परावर्तक पृष्ठभाग सुमारे १७.४ मीटर किंवा त्याहून दूर असावा लागतो. सह्याद्रीच्या एखाद्या कड्यासमोर मारलेली हाक दोन सेकंदांनी परत आली, तर कडा सुमारे ३४८ मीटर दूर आहे असे समजते.

याहून जवळच्या भिंतींवरून येणारी अनेक परावर्तने मूळ आवाजात मिसळतात व आवाज रेंगाळतो. याला निनाद म्हणतात. फरसबंद व उघड्या भिंतींच्या सभागृहात निनाद लांबल्याने शब्द अस्पष्ट होतात. पडदे, गाद्या, कपडे व प्रेक्षक ध्वनी शोषून घेतात. म्हणून रिकाम्या सभागृहात घुमणारा आवाज ते भरल्यावर स्पष्ट होतो.

वक्र भिंतीलगत ध्वनी वारंवार परावर्तित होत भिंतीला धरून सरकतो. विजापूरच्या गोल घुमटातील सज्जात भिंतीशी कुजबुजलेले शब्द समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येतात ते यामुळेच. मुहम्मद आदिलशाह याची ही कबर सतराव्या शतकातील आहे. लंडनच्या सेंट पॉल चर्चमधील अशा सज्जाचे गणित लॉर्ड रेली यांनी मांडले होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तेथे प्रयोग केले व त्यानंतर गोल घुमटासारख्या भारतातील वास्तूंचाही अभ्यास केला.

अपवर्तन: वारा, तापमान व आवाजाची वाट

हवेच्या निरनिराळ्या थरांत ध्वनीचा वेग वेगळा असल्यास तरंगाची दिशा वळते. दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली व वरची थंड असते. खालचा भाग जलद सरकल्याने तरंग वर वळतो आणि काही अंतरावर आवाज क्षीण होतो. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते व तरंग खाली वळतो. धरमतर खाडी, खारजमिनी व भातखाचरे यांसारख्या सपाट, मोकळ्या प्रदेशात अशा वेळी दूरच्या गाडीचा किंवा भजनाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. रात्रीची शांतता हे त्याचे एक कारण आहे. पण आवाज खरोखरच अधिक दूर पोहोचतो, हे दुसरे.

वाऱ्याचाही असाच परिणाम होतो. जमिनीलगत वारा मंद व उंचावर जोराचा असल्याने वाऱ्याच्या दिशेने जाणारा तरंग खाली वळतो, तर वाऱ्याविरुद्ध जाणारा वर उचलला जातो. कोकण किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे वाहतात. तेव्हा पश्चिमेकडील आवाज पूर्वेच्या बाजूस अधिक चांगला ऐकू येतो. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागले की परिस्थिती उलटते. वाऱ्याचा वेग ध्वनीच्या वेगाच्या मानाने अगदी थोडा असल्याने आवाज ‘वाऱ्याबरोबर वाहून येतो’ असे म्हणणे पुरेसे नाही; तो वाऱ्यामुळे वळतो.

विवर्तन व शोषण

अडथळ्याच्या कडेवरून तरंग वळण्याच्या क्रियेला विवर्तन म्हणतात. तरंगलांबी अडथळ्याच्या आकाराएवढी किंवा मोठी असल्यास विवर्तन ठळक होते. मिरवणूक शेजारच्या आळीत असताना ढोलाचा खर्जातील ठोका घरांना वळसा घालून ऐकू येतो, पण ताशाची कडकड तेवढी पोहोचत नाही. मिरवणूक कोपऱ्यावरून वळून समोर आली की ताशा एकदम स्पष्ट होतो. उच्च वारंवारतेचा ध्वनी हवेत अधिक शोषलाही जातो. म्हणून जवळच्या विजेचा आवाज कडाडणारा, तर दूरच्या विजेचा घुमणारा असतो.

डॉप्लर परिणाम

उद्‌गम ऐकणाऱ्याकडे येत असेल, तर संपीडने एकमेकांजवळ येतात व ऐकू येणारी वारंवारता वाढते. तो दूर जात असेल, तर ती घटते. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये ही कल्पना मांडली आणि बाइस बालोट यांनी १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये आगगाडीवर वादक बसवून ती पडताळून पाहिली.

रोहा हे कोकण रेल्वेचे उत्तर टोक आहे. समजा, न थांबणारी एक गाडी ताशी ८० किलोमीटर (२२.२ मी./से.) वेगाने ४०० हर्ट्झचा भोंगा वाजवत स्थानकाजवळून जात आहे. फलाटावरील माणसाला ती जवळ येताना सुमारे ४२७ हर्ट्झचा व दूर जाताना सुमारे ३७६ हर्ट्झचा स्वर ऐकू येईल. या दोन स्वरांचे गुणोत्तर सुमारे १.१४ आहे, ते षड्ज व शुद्ध ऋषभ यांच्यातील ९:८ या गुणोत्तराच्या जवळ जाते. म्हणजे गाडी समोरून जाताना भोंगा जणू रे वरून सा वर उतरतो. गाडीत बसलेल्या प्रवाशाला मात्र तो आपल्या मूळ स्वरातच ऐकू येतो.

स्थायी तरंग व वाद्ये

मर्यादित माध्यमात दोन्ही टोकांवरून परावर्तित होणारे तरंग एकमेकांत मिसळून स्थायी तरंग तयार होतात. तारेत किंवा बासरीतील वायुस्तंभात केवळ ठरावीक वारंवारतांचेच स्थायी तरंग टिकतात. तारेतील या वारंवारता मूळ वारंवारतेच्या १, २, ३, ४ अशा पूर्णांक पटींत असल्याने तिचा स्वर सुरेल वाटतो.

गोलाकार पटलात मात्र असे नसते. सर्वत्र सारख्या जाडीच्या आदर्श पटलाच्या वारंवारता १ : १.५९ : २.१४ : २.३० : २.६५ अशा प्रमाणात असतात. त्यामुळे साध्या चर्मवाद्यातून ठोका मिळतो, निश्चित स्वर मिळत नाही. तबला व पखवाज यांच्या पुडीवर मध्यभागी शाई किंवा कणीक लावून पटल तेथे जड केले जाते. त्यामुळे कंपनांचे प्रकार बदलतात व त्यांच्या वारंवारता जवळजवळ पूर्णांक पटींत येतात. रामन व शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय चर्मवाद्यांचे हे वैशिष्ट्य प्रथम शास्त्रीय पद्धतीने मांडले. १९३४ मध्ये रामन यांनी त्याचे अधिक विस्तृत विवेचन केले.

बाहेरून येणाऱ्या ध्वनीची वारंवारता वस्तूच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली, तर ती वस्तू मोठ्या आयामाने कंप पावू लागते. याला अनुस्पंदन किंवा अनुनाद म्हणतात. जड वाहन रस्त्याने जाताना खिडकीची एखादीच काच किंवा फळीवरील एखादेच भांडे थरथरते, ते यामुळे.

तीव्रता व डेसिबल

एकक क्षेत्रफळातून प्रतिसेकंद जाणारी ध्वनिऊर्जा म्हणजे तीव्रता. कानाला जेमतेम जाणवणारी तीव्रता दर चौरस मीटरला एका वॉटचा एक लाख कोटीवा भाग इतकी असते. वेदना होऊ लागते ती तीव्रता याच्या सुमारे एक लाख कोटी पट असते. एवढी मोठी मर्यादा मांडण्यासाठी डेसिबल हे लॉगरिथमीय एकक वापरतात. त्याचे मुख्य नियम असे:

तीव्रता दुप्पट झाली की पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते.
तीव्रता दहापट झाली की पातळी १० डेसिबलने वाढते. कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो.
मोकळ्या जागेत लहान उद्‌गमापासूनचे अंतर दुप्पट केल्यास पातळी ६ डेसिबलने घटते.
महामार्गावरील वाहनांच्या अखंड रांगेसारखा उद्‌गम रेषेत पसरलेला असल्यास अंतर दुप्पट करूनही घट केवळ ३ डेसिबल होते.

समजा, ठरावीक अंतरावर एका ढोलाची पातळी ९० डेसिबल आहे. तेवढ्याच अंतरावर दहा ढोल वाजल्यास ती १०० व शंभर ढोल वाजल्यास ११० डेसिबल होईल. ऊर्जा शंभरपट होऊनही ऐकणाऱ्याला आवाज सुमारे चौपटच वाटतो. डेसिबलमधील ‘थोडी’ वाढ फसवी असते ती यामुळेच: कानाची जाणीव हळूहळू वाढते, त्यावर पडणारा ऊर्जेचा भार मात्र झपाट्याने वाढतो. बाजारपेठेतील अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून परावर्तन होत असल्याने अंतरामुळे होणारी घटही मोकळ्या मैदानापेक्षा कमी असते.

श्रवण व ध्वनिप्रदूषण

बाह्यकर्णातून आलेला तरंग कर्णपटलाला कंपित करतो. मध्यकर्णातील तीन लहान हाडे ही कंपने आंतरकर्णातील द्रवापर्यंत पोहोचवतात. तेथील शंखाकृती नलिकेतील केशपेशी कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करून ते मज्जातंतूमार्फत मेंदूकडे पाठवतात. मानवात नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून मोठ्या आवाजामुळे आलेले कायमचे बहिरेपण औषधाने बरे होत नाही. अशा बहिरेपणाची सुरुवात बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात होते. याच पट्ट्याच्या आसपास अनेक व्यंजनांची ओळख ठरत असल्याने रुग्णाला ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत’ असा अनुभव येतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या निकषानुसार कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास राहावे आणि पुढील प्रत्येक ३ डेसिबलला हा अवधी निम्मा करावा. त्यानुसार ८८ डेसिबलला चार तास, ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. मिरवणुकीत सर्वाधिक भार वादकांवर व ध्वनिवर्धकाजवळ चालणाऱ्यांवर पडतो, कारण ते उद्‌गमाच्या सर्वांत जवळ व सर्वाधिक वेळ असतात. कानात घालावयाची बोळी, ध्वनिवर्धकापासूनचे अंतर आणि मधून मधून विश्रांती हे साधे उपाय या भौतिक नियमांवरच आधारलेले आहेत. लहान मुलांना ध्वनिवर्धकासमोर नेणे टाळावे लागते.

भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. त्यांनुसार सरासरी पातळीच्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत (दिवस: सकाळी ६ ते रात्री १०):

औद्योगिक क्षेत्र: दिवसा ७५, रात्री ७० डेसिबल
व्यापारी क्षेत्र: दिवसा ६५, रात्री ५५ डेसिबल
निवासी क्षेत्र: दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल
शांतता क्षेत्र: दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल

रात्री १० ते सकाळी ६ या काळात सार्वजनिक ठिकाणी ध्वनिवर्धक वापरण्यास बंदी आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांच्या वेळी राज्य शासनाला वर्षातून एकूण १५ दिवसांपर्यंत ही वेळ मध्यरात्री १२ पर्यंत शिथिल करता येते. गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले पेण, तसेच धाटाव औद्योगिक वसाहत जवळ असलेले रोहा, अशा गावांत निवासी, व्यापारी व औद्योगिक भाग एकमेकांना लागून असतात. मर्यादा क्षेत्रानुसार बदलत असल्या, तरी ध्वनितरंग क्षेत्राच्या सीमेवर थांबत नाहीत.

उपयोग

श्राव्यातीत ध्वनीची तरंगलांबी लहान असल्याने त्याने बारीक वस्तूंचा शोध घेता येतो. भारतीय रेल्वेत रुळांमधील आतल्या भेगा शोधण्यासाठी काही मेगाहर्ट्झ वारंवारतेचा ध्वनी वापरतात. २ मेगाहर्ट्झच्या ध्वनीची पोलादातील तरंगलांबी सुमारे ३ मिलिमीटर असते; भेगेवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या वेळेवरून तिची खोली कळते. रूळ तुटण्यापूर्वीच तो बदलता येत असल्याने ही तपासणी प्रवाशांच्या सुरक्षिततेचा महत्त्वाचा भाग आहे. वैद्यकातील सोनोग्राफी याच तत्त्वावर चालते.

पाण्यात प्रकाश व रेडिओलहरी लवकर शोषल्या जातात, पण ध्वनी दूरवर जातो. म्हणून समुद्राची खोली मोजण्यासाठी व माशांचे थवे शोधण्यासाठी मच्छीमार नौकांवर प्रतिध्वनी-यंत्रे बसवतात. कोकण किनाऱ्यावर मिळणारे घोळ व ढोमा हे मासे ज्या कुळातील आहेत, त्या कुळातील मासे वाताशयालगतच्या स्नायूंनी स्वतःच आवाज काढतात. वटवाघळे श्राव्यातीत ध्वनी सोडून व त्याचा प्रतिध्वनी ऐकून अंधारात भक्ष्य शोधतात. या सर्व ठिकाणी मोजली जाते ती एकच गोष्ट, म्हणजे तरंगाला जाऊन परत येण्यास लागलेला वेळ. माध्यमातील वेग ठाऊक असला की त्यावरून अंतर काढता येते.